आधी तानपुऱ्याला छप्पर

बुवा गेल्याचं मला भाजीवाल्या सुमनबाईंनी सांगितलं. पंचवटीतल्या माझ्या गाण्याच्या क्लासखाली त्या बसतात. मेथीची जुडी हातात देता देता थांबल्या आणि म्हणाल्या, "म्याडम, तुमचे बुवा गेले. सकाळी उठलेच नाय. झोपल्यावानीच दिसत होते." गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, धर्मशाळेच्या ओसरीत, आपल्या पथारीवरच. मी वर गेले आणि कितीतरी वेळ ती जुडी हातात धरूनच बसले… याला आता दीड महिना झाला.

नऊ वर्षांची असल्यापासून मी बुवांकडे शिकले. मैफल रंगवणारे गवई पुष्कळ ऐकलेत, पण नुसता सा लावून माणसांना गप्प बसवणारा हा एकच. स्वतःच्या सोयीच्या बाबतीत मात्र ठार अडाणी. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या, मूलबाळ नव्हतं, आणि ज्या इमारतीत भाड्याने राहत होते ती नव्या बांधकामासाठी पाडली. त्या दिवशी बुवा रिक्षाने क्लासवर आले ते तानपुरा मांडीवर घेऊन. "याला तुझ्याकडे जागा दे. मला कुठेही चालतं." मला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न असेल. ते गंगेवर राहायला गेले आणि सहा वर्षं तिथेच राहिले.

रोज सकाळी सहाला यायचे. आंघोळ झालेली, धोतर स्वच्छ धुतलेलं. खोली स्वतः झाडायचे, तानपुरा जुळवायचे, तासभर खर्जाचा रियाज करायचे आणि मुली शिकायला यायच्या आत निघून जायचे. घरी चला म्हणून मी भांडले, रडले, अबोला धरला. ढिम्म हलले नाहीत. चहा घ्यायचे, तोही उभ्याने. गुरू उघड्यावर आणि शिष्या गादीवर, याची मला लाज वाटायची. अजूनही वाटते.

शेवटी मी माझा शहाणपणा केला. त्यांना न विचारता क्लासमध्येच खाट आणली, गादी, नवी चादर. खोली ती केवढीशी, म्हणून तानपुरा गवसणीत घालून पोटमाळ्यावर ठेवला. सकाळी बुवा आले. खाटेकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "ज्याच्यासाठी जागा मागितली, त्यालाच माळ्यावर टाकलंस?" आवाजसुद्धा चढवला नाही. चपला घातल्या नि गेले. आठ दिवस फिरकले नाहीत. नवव्या दिवशी मी खाट काढली, तानपुरा खाली घेतला आणि गंगेवर जाऊन त्यांच्या पथारीशेजारी बसले. "जुळवायला याल का?" एवढंच विचारलं. "चल," म्हणाले. त्या सकाळी त्यांनी जी तोडी गायली… तशी मी पुन्हा ऐकली नाही. घरी चला हा विषय मी त्यानंतर काढला नाही.

त्यांचं माझ्याबद्दल एकच गाऱ्हाणं होतं. तानपुऱ्याची तार घोडीवर टेकते तिथे तिच्याखाली सुती दोरा सरकवतात, त्याशिवाय ती गुंजत नाही. दोरा केसभर पुढेमागे झाला की तार मुकी. बुवा आपल्या धोतराची दशी ओढून तो दोरा लावायचे. "हे शीक गं. मी काय जन्माला पुरणार आहे?" मी म्हणायची, "तुम्ही आहात ना." तीस वर्षं हेच चाललं. इतरांना गाणं शिकवायला लागले, पण हे काही शिकले नाही.

गेल्या आठवड्यात खर्जाच्या तारेखालचा त्यांचा दोरा तुटला. सुमनबाईंनी आणून दिलेलं त्यांचं धोतर माझ्या कपाटात होतं. त्याची एक दशी ओढली, तारेखाली सरकवली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मुली खोळंबल्या होत्या. बऱ्याच वेळाने तार बोलायला लागली. मी हात तसाच ठेवून दाराकडे पाहिलं… "अजून केसभर मागे घे" असं बुवा म्हणतील म्हणून. मग मीच दोरा केसभर मागे घेतला.