मीठ कुणी आणलं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाडीच्या बाजारात भाजी घेत होते. भावजी एवढंच म्हणाले, "गेली गं ती." घेतलेली भाजी तिथेच ठेवून मी काल्हेरची वाट धरली. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

सुनंदाताई माझी थोरली बहीण. भावजी काल्हेरच्या एका गोदामात सुपरवायझर, ताई घरी शिवणकाम करायची, पण तिचा खरा जीव माणसांत. मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने आधी त्यांचं गाव कुठलं ते विचारून घेतलं. डायलिसिस अजून लागलं नव्हतं. बीपी मात्र चढलेलं असायचं, म्हणून मीठ तोडलं होतं आणि अळणी जेवण तिच्या घशाखाली उतरेना. ते बघवेना म्हणून भावजींनी दुकानातून बीपीवाल्यांसाठी मिळणारं कमी सोडियमचं मीठ आणलं. ताई पुन्हा पोटभर जेवू लागली.

काही आठवड्यांनी तिच्या पायांतलं बळच गेलं. शिलाई मशीनवरून उठता येईना. भावजींनी आणि मी तिला भिवंडीच्या इस्पितळात नेलं. नाडी अगदी मंद... ईसीजीचा कागद बघून डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं, मग बोलले. रक्तात पोटॅशियम फार वाढलंय, त्याने हृदयाची लय बिघडलीय, उशीर झाला असता तर ठोके थांबले असते. घरात काय काय खाता, हे विचारता विचारता ते मिठावर आले. त्या मिठात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. धडधाकट मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, हिचं टाकू शकत नव्हतं. कुणी आणलं, असं त्यांनी विचारलं. भावजींचा चेहरा पांढराफटक पडला. ताई पडल्या पडल्या म्हणाली, "मीच आणलं."

भावजी औषधं आणायला खाली गेले तेव्हा तिने माझा हात धरला. "त्यांना कधी बोलू नको. माझ्या तोंडाला चव यावी म्हणूनच आणलेलं त्यांनी."

पुढे डायलिसिस सुरू झालं. दोन वर्षं ती बरी म्हणावी अशी होती, पण हृदय थकत गेलं आणि एका सकाळी लय चुकली ती सावरलीच नाही.

तेराव्याला आमची आत्या चार बायकांत म्हणाली, सुनंदाने भलतं मीठ आणून स्वतःच दुखणं वाढवून घेतलं. भावजी पंगतीत वाढत होते. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. "ती खोटं बोलली. मीठ मी आणलेलं." आत्या उठली आणि ती बादली घेऊन स्वतः वाढू लागली.

गेल्या रविवारी मी काल्हेरला गेले. भावजींनी स्वतः स्वयंपाक केला होता. बटाट्याची भाजी पचपचीत लागली. बटाटे चिरून भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे त्यातलं बरंच पोटॅशियम निघून जातं... ताईसाठी ते दोन वर्षं हेच करत होते. आता त्याची काय गरज, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तेच म्हणाले, "बटाटं तसंच फोडणीला टाकायला हात धजत न्हाय."

मी भाजी पुन्हा वाढून घेतली.