ताईने पाठवलेल्या तयार पात्या

चष्मेवाल्याच्या मागच्या खोलीत बावीस सांधे होते आणि तेविसाव्याची जागा चार वर्षं रिकामी होती. घरी आलेला पाहुणा फळ्यांवर पसरलेली ती छोटी रेल्वे बघून हरखायचा आणि नेमकं त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारायचा, "इथलं काय तुटलं?" तुटलं काहीच नव्हतं. तिथे ताईच्या हातच्या पात्या बसायच्या होत्या आणि ताई आली नव्हती. आता हे ज्याला त्याला कोण सांगत बसणार? "काम चालू आहे," असं म्हणून तो दिवा बंद करायचा.

सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा. चष्मेवाल्याकडचा सांधा वीतभर. त्यात सगळ्यात नाजूक काय, तर दोन सरकत्या पोलादी पात्या. टोकाला त्या इतक्या पातळ व्हाव्या लागतात, की शेजारच्या रुळाला टेकल्या की दिसूच नयेत. केसभर जाडी राहिली तरी इंजिन ठेच लागल्यासारखं उडतं आणि आडवं होतं. पात्या घासणं हे पहिल्यापासून ताईचं काम. लाकडी पट्ट्या मांडणं, रूळ सोल्डर करणं, तारा ओढणं हे त्याचं.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. अठराव्या वर्षी ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला लागली. तेव्हा घरात किल्लीची एक आगगाडी होती आणि तिला रूळ होते फक्त एका गोलापुरते. गाडी फिरून फिरून खुर्चीच्या पायाशीच यायची. ही कुठे जातच नाही म्हणून तो एकदा रडला. "एवढा घोडा झालास आणि रडतोस काय!" असं म्हणत ताईने टपली मारली. दुसऱ्या दिवशी मात्र ती कारखान्यातून बारीक कानशी मागून घेऊन आली आणि आठवडाभर खपून तिने रुळाचे दोन तुकडे घासले. गाडी पहिल्यांदा सांध्यावरून वळून पलंगाखाली गेली, तेव्हा दोघं जमिनीवर पालथी पडून तिच्याकडे बघत होती.

पुढे दोघांची लग्नं झाली, ताईला मुलगी झाली, ताईचे यजमान गेले. रविवारची दुपार मात्र जागची हलली नाही. जेवण झालं की ताई दोन गल्ल्या ओलांडून यायची आणि स्टुलावर बसायची. काम कमी, भांडण जास्त. ती पाती घासून द्यायची, तो बसवून बघायचा आणि परत करायचा. "जाड आहे." "जाड नाही, तुझा रूळ वाकडा आहे." "माझा रूळ वाकडा? मापाची पट्टी लाव!" असे तीन-चार फेरे झाल्याशिवाय एक पाती बसायची नाही. चष्मेवाल्याची बायको चहाचे कप ठेवता ठेवता म्हणायची, "एका सांध्याला पाच रविवार! खऱ्या रेल्वेत असतात ना, तर दोघांनाही कधीच घरी बसवलं असतं."

मग बाजारात तयार भाग मिळायला लागले. पात्या यंत्रावर घासलेल्या, रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडासुद्धा ओतून तयार. मांडा, सोल्डरचा थेंब टाका, झालं. बाकीचे हौशी लोक सुटलेच. चष्मेवाल्यालाही मोह झाला, कशाला लपवा. त्याने घाबरत घाबरत माहितीचं पुस्तक ताईपुढे सरकवलं. तिने नाक मुरडलं.

"तयार कवळी बसते का रे कुणाच्या तोंडात? ज्याच्या त्याच्या जबड्याचं माप घ्यावं लागतं."

त्याने कानाला खडा लावला.

आणि मग ताई मुलीच्या बाळंतपणाला म्हणून दूरदेशी गेली ती गेलीच. सहा महिन्यांसाठी गेली होती. नात चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली, तरी ताईचा पाय तिथून निघेना. दर रविवारी फोन मात्र न चुकता. "येते रे. पात्या मीच घासून आणणार. त्या जागेला कुणाला हात लावू देऊ नकोस." तो दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू पिळायचा आणि तिच्या येण्याचे दिवस मोजायचा. खरं सांगायचं तर त्याला सांध्याची कसलीच घाई नव्हती. त्याला ताई हवी होती, समोरच्या स्टुलावर, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ओढून त्याच्यावर खेकसणारी.

एका दुपारी पार्सल आलं. ताईचं. हाताला हलकं लागलं. पात्याच असणार! भर दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन तो मागच्या खोलीत आला आणि कात्री शोधायचा धीर नाही म्हणून दातांनीच दोरा तोडला.

आत पात्याच होत्या. छापील क्रमांक टाकलेल्या पारदर्शक पाकिटात, यंत्रावर घासलेल्या, शेजारी ओतीव तुकडा. तयार. सोबत चिठ्ठी, तीही भाचीच्या अक्षरात.

"मामा, आई सांगतेय ते लिहितेय. हात वर्षभरापासून थरथरतो. कप धरवत नाही, कानस काय धरणार? एवढा प्रवास आता करू नका असं डॉक्टर म्हणतात. तुला सांगायचा धीर होत नव्हता. हे तयार भाग बरे असतात म्हणे. लाव आणि गाडी सोड."

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग बायकोने वाचली.

"वर्षभर खोटं बोलली माझ्याशी," तो म्हणाला.

"आणि तुम्ही वर्षभर काय विचारलंत?" बायको म्हणाली. "पात्या झाल्या का, पात्या झाल्या का. कशी आहेस, असं एकदा तरी विचारलंत का?"

त्याने ते पाकीट उचलून घेतलं. ताई आता येणार नव्हती. आजवर हे त्याच्या मनाला शिवलंच नव्हतं असं नाही, पण आता ते हातात होतं.

रविवारी जेवण झाल्यावर त्याने पाकीट फोडलं. पट्ट्या कधीच्या मांडलेल्या होत्या. ओतीव तुकडा ठेवला, रूळ जोडले, पात्या बसवल्या. तासाभरात सगळं आटोपलं. इंजिन सोडलं तर ते लोण्यातून सुरी जावी तसं सांध्यावरून वळून गेलं. पन्नास वर्षांत पहिल्या फटक्यात बसलेली ही पहिली पाती! दुसरा कुणी असता तर नाचला असता. चष्मेवाल्याला मात्र रडू यायचं बाकी होतं. ना जाड, ना वाकडं, भांडायला काही म्हणून काही नाही, आणि अख्खी दुपार शिल्लक.

नेहमीच्या वेळी फोन वाजला.

"कशी आहेस ताई?" त्याने आधी हेच विचारलं.

"आहे," ताई म्हणाली. आवाज उतरलेला, चोरी पकडली गेलेल्या माणसाचा. "मिळालं ना? बसल्या का रे पात्या?"

इंजिन समोर उभं होतं, सांध्याच्या पलीकडे.

"नाही बसत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"डावी जाड आहे. गाडी उडते."

"तयार आहेत ना त्या?"

"तयार असल्या म्हणून काय झालं?"

"तुझा रूळ वाकडा असेल!" ताईचा आवाज एकदम चढला, आणि तो ऐकून चष्मेवाला सरसावून बसला. "कानस कुठली घेतलीस? सगळ्यात बारीक घे. फोन ठेव टेबलावर आणि घास. मला ऐकू दे."

आली का पंचाईत! चांगल्या पातीला कानस लावली तर तिचं वाटोळं होणार. त्याने इकडेतिकडे पाहिलं. टेबलाच्या कडेला कुणाच्या तरी जुन्या चष्म्याची मोडकी काडी पडली होती. ती त्याने चिमट्यात धरली, फोनजवळ नेली आणि घासायला लागला.

"हलक्या हाताने," ताई म्हणाली. "एकाच दिशेने. तुला दर वेळी सांगावं लागतं."

"हो."

"टोकाकडे जा आता. सावकाश."

तो टोकाकडे गेला. थोडा वेळ फक्त कानशीचा आवाज होता.

"छोट्या," ताई म्हणाली.

"काय?"

"हे पोलाद नाही. पितळ आहे. चष्म्याची काडी घासतोयस तू."

त्याचा हात थांबला.

"थांबलास कशाला?" ताई म्हणाली. "घास की. मला आज काही काम नाही."