तांबडा रस्सा आणि माझं कोरडं कपाळ

भावाच्या लग्नानंतर त्याच्या सासऱ्यांनी आम्हाला कबनूरला मटणाच्या जेवणाला बोलावलं. पाहुण्याच्या कपाळावर घाम फुटला तरच तांबडा रस्सा जमला, असं त्यांचं ठाम मत. पंगतीतले सगळे घामानं निथळत होते आणि माझं कपाळ कोरडं ठणठणीत! त्यांनी तो अपमानच मानला.

"पावणं, तिखट न्हाय व्हय?" म्हणत ते वाटीत रस्सा ओतत राहिले, वर चटणी. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या, तरी हसू आवरेना. चौथ्या वाटीला सांगूनच टाकलं, की नऊ वर्षांपूर्वी फिरायला गेलो असताना मी बसलेल्या हॉट एअर बलूनला आग लागली, त्यात चेहरा, छाती, पाठ भाजली आणि तिथल्या नव्या कातडीला घाम येतच नाही.

आता ‘अरेरे’ सुरू होणार म्हणून मी आधीच वैतागलो. त्या ‘अरेरे’चा मला भयंकर राग आहे.

"मग उकडल्यावर करता काय?" त्यांनी विचारलं.

नऊ वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"अंगावर पाणी ओतून घेतो."

त्यांनी शेजारचा तांब्या उचलला आणि भर पंगतीत माझ्या डोक्यावर रिकामा केला. कपाळावरून थेंब ओघळत वाटीत पडायला लागले, तसे ते खुशीत ओरडले, "फुटला की घाम पावण्यांना!"