पायरीवरचा नाताळसंदेश

नाताळच्या सकाळी टीव्हीवर कुठल्याशा देशाचे पंतप्रधान शुभेच्छा देत होते. गोठ्यात जन्मलेल्या येशूवर आपली श्रद्धा आहे, त्यानेच क्षमा करायला शिकवलं, असं म्हणाले.

"कॅमेऱ्यापुढे बसून क्षमा सांगायला काय जातंय?" मी करवादलो.

लहानपणी आमच्या वसईच्या गावात पास्कूकाका सरपंच होते. नाताळची मिस्सा सुटली की ते चर्चच्या पायरीवर उभे राहत आणि वर्षभरात ज्याच्याशी वाजलं असेल त्याला सगळ्यांदेखत हाक मारत, "ये रे जोसेफ, चुकलं माझं!" त्यांच्यापुढे कॅमेरा नव्हता, ज्याला दुखावलं तो माणूसच समोर असायचा. "आता तशी हाक ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही तरी कुठे मारता?" बायको म्हणाली.

धाकटा भाऊ इनास याने बांधावरचं फणसाचं झाड मला न विचारता तोडलं, तेव्हापासून तीन नाताळ मी त्याच्याकडे फराळाचं ताट पाठवलेलं नाही. केळीच्या व्यापारात मी कधी पडता भाव घेतला नाही. इथेही आधी त्यानेच यावं, असा हट्ट होता.

शेवटी ताट घेऊन मीच गेलो. इनासने दार उघडलं. पास्कूकाकांचे शब्द काही तोंडून निघेनात.

"बघतोस काय? जड आहे, धर," मी म्हणालो.