गीझरचा फ्यूज आणि नातीची पहिली आंघोळ

नातीला दवाखान्यातून घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या गीझरने मान टाकली. दिवा लागेना, पाणी गारढोण. बाळाला तेल माखून न्हाऊ घालायला जवळच्या नेरे गावाहून येणारी मावशी आठला यायची होती. नातीची घरातली पहिली आंघोळ माझ्याच गीझरच्या पाण्याने व्हावी, असा माझा हट्ट. तिच्यासाठीच तर तो बसवला होता, वायरीसुद्धा मी स्वतः ओढल्या होत्या.

"अहो, इलेक्ट्रिशियनला बोलवा," बायको म्हणाली. हे कुणाला, तर तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं वायरी जोडण्यात घालवलेल्या माणसाला! मी टेस्टर घेऊन स्टुलावर चढलो. गीझरपर्यंत वीजच पोचत नव्हती. स्विच उघडून पाहिला, तो ठणठणीत. मग पडवीतल्या मीटरपाशी गेलो, तर गीझरच्या फ्यूजची जागा रिकामी! जळालेला वगैरे नाही, फ्यूज मुळात नव्हताच.

मी घर डोक्यावर घेतलं. मला न विचारता फ्यूजला हात लावलाच कुणी? जावई तर काही न करताच ओशाळला. शेवटी बायकोने शांतपणे विचारलं, "काल संध्याकाळी गीझरचा नळ गळत होता, तो कुणी आवळला?"

मीच. आमच्या कारखान्याचा नियम होता: मशीनला हात लावण्याआधी फ्यूज काढून आपल्या खिशात टाकायचा, म्हणजे दुसरा कुणी चुकून लावणार नाही. हातांनी सवयीने तेच केलं. नळ आवळून होतोय तोवर नात रडली, मी तिच्याकडे धावलो आणि फ्यूज शर्टाच्या खिशातच विसरलो. तो शर्ट आता वॉशिंग मशीनमध्ये गरगरत होता.

"तरीच म्हटलं, मशीन आज एवढं खडखडतंय कशाने," बायको म्हणाली.

फ्यूज पुसून, लेकीच्या हेअर ड्रायरने वाळवेपर्यंत मावशी आली. तिने एका नजरेत सगळं ओळखलं, मागच्या दारी तीन विटा मांडल्या आणि पातेलं चढवलं.

"पोरीला किती येल थांबवाल? लाकडाला फ्यूज लागत नाय."

मी फ्यूज बसवून परत येतो तो नात न्हाऊन, धुरी घेऊन झोपलीसुद्धा होती. गीझरचा लाल दिवा तेव्हा कुठे लागला. मला खरंच वाईट वाटलं.

मावशीने हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "तोंड कशाला पाडताव, दादा? आता बालंतिनीची आंगोल. तिला जास्त पानी लागतं. आन ती बी तुमचीच पोर हाय ना?"

आहे की. कालपासून मी नातीभोवतीच घोटाळत होतो. लेकीला कशी आहेस म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. पाणी तापल्यावर मी दोन्ही बादल्या काठोकाठ भरल्या, हात घालून पाहिला आणि खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"बाळा," मी लेकीला विचारलं, "पाणी किती कढत हवं तुला?"