मोटरवरचा चहा

जिनिंगमधली रुई गाठी बांधून निघून जाते, किस्से मात्र तिथेच साचत राहतात! सिंदी रेल्वे गावातल्या आमच्या जिनिंग कारखान्यात ते बहुतेक बाबारावकाकांचेच. काका आमचे सगळ्यांत जुने फिटर. मोटरचा आणि पंख्याचा शाफ्ट अगदी एका रेषेत आणणं हे त्यांचं काम. केसाएवढा फरक राहिला तरी बेअरिंगची वाट लागते.

*

मी नवी इंजिनियर म्हणून आले, तेव्हा पहिल्याच दिवशी शाफ्टची रेषा मोजायची डायल लावली आणि शाफ्ट फिरवला. काटा शून्यावरून हललाच नाही! मी जाम खूश. "काका, एकदम परफेक्ट!"

काकांनी वाकून पाहिलं. "हवा एकदम सरळ हाय, मॅडम. डायल शाफ्टले टेकलीच नाई!"

*

मे महिन्यात, दुरुस्तीच्या दिवसांत, सकाळी घेतलेलं माप दुपारी बदललं. मी काकांवरच चिडले. त्यांनी छत्री आणून माझ्या हातात दिली. "मोटरवर धरा. एकाच बाजूले ऊन पडून राह्यलं, लोखंड फुगते."

थोड्या वेळाने माप जागेवर! तेवढ्यात शेठ आले. "काऊन मॅडम, मोटरची वरात काढता का?"

*

काकांच्या खिशात कायम छोटी लेव्हल असते. मुलीसाठी सिंदी मेघे या दुसऱ्या गावी स्थळ पाहायला गेले, तर तिथेही ती टीपॉयवर ठेवली. बुडबुडा पाहून म्हणाले, "डावा पाय दोन सूत खाली हाय."

मुलाचे वडील म्हणाले, "पोरगं पाहाले आले का टीपॉय?"

लग्न झालं. त्या पायाखाली काकांनी दिलेली शिम, म्हणजे उंची साधायची पितळी पत्री, अजून आहे.

*

मग शाफ्टचं माप घ्यायला लेझरचं यंत्र आलं. काका दोन दिवस त्याच्याकडे फिरकलेही नाहीत, मलाच वाईट वाटलं. पण उडती रुई किरणाच्या आड यायची आणि यंत्र सारखं एरर द्यायचं. काका खुलले. "याले सर्दी झाली, मॅडम. तोंडाले रुमाल बांधा!"

*

काम झालं की चालू मोटरवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवायचा, हा काकांचा नेम. चहा हलला नाही तर पास! आजवर त्यांना एकही मोटर दुसऱ्यांदा खोलावी लागली नव्हती. रिटायर व्हायच्या दिवशीही त्यांनी शेवटची मोटर लावली आणि कप ठेवला. आम्ही टाळ्या वाजवायला तयार. आणि चहा थरथरला!

काकांचा चेहरा उतरला. खोललं, मापलं, शून्य. लेझरनेही शून्यच दाखवलं. पुन्हा चालू केली, चहा शांत. थोड्या वेळाने परत थरथर!

"माया हात गेला," काका पुटपुटले. मला रडूच आलं. मी मोटर बंद केली. शाफ्ट थांबला, चहा मात्र थरथरतच होता.

बाकीच्या मशीनच्या गोंगाटात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. काका खिडकीपाशी गेले. कंपाउंडमागे यंदाच टाकलेल्या नव्या रुळांवरून मालगाडी चालली होती. ते परत आले, कप उचलला आणि एका दमात चहा संपवला.

"शिम आणा, मॅडम. मालगाडी लेव्हलमंदी आणाची हाय!"