घोंगडीखालचा हात

बहीण गेली तो इंदापूरच्या बाजाराचा दिवस होता. तिला घटसर्प झाला होता. वडील आणि मी तिला पळसदेवहून एस.टी.नं आणलं आणि दवाखान्याच्या ओट्यावर बसलो. दुपारी आत बोलावलं तेव्हा ती गेलेली होती.

मी बारामतीला राहून शिकत होतो आणि सुट्टीला घरी आलो होतो, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. दवाखाना उघडायच्या आधीपासून आम्ही तिथं होतो. आमच्यामागून आलेली माणसं आत जाऊन औषधाच्या बाटल्या घेऊन बाहेर पडली. टांग्यातून आलेल्या एका बाईचा तर नुसता पाय मुरगळला होता. वडिलांनी दोनदा उठून दारातून हाक मारली, "डाक्टरसायेब, पोरीला श्वास घेता येईना." कंपाउंडरनं दोन्ही वेळा त्यांना खाली बसवलं. शेवटी डॉक्टरांनी तिची पापणी उलटून पाहिली आणि म्हणाले, "आत्ता आणतोस होय? मेंढरू आजारी पडलं असतं तर पहाटेच पळत आला असतास."

आम्ही पहाटेच आलो होतो. घोंगडीत गुंडाळून वडिलांनी तिला उचललं.

मी डॉक्टर व्हायचं ठरवलं ते त्या ओट्यावरून उतरताना. लोकांची सेवा वगैरे माझ्या मनात नव्हतं. मला त्या डॉक्टरांच्या समोरची जागा भाड्यानं घेऊन दवाखाना थाटायचा होता. त्यांचा एकेक पेशंट रस्ता ओलांडून माझ्याकडे येताना त्यांनी खुर्चीतून बघावा. मग म्हातारपणी त्यांना धाप लागावी, माझ्याकडे आणावं लागावं, आणि मी कंपाउंडरला सांगावं, बसवा बाहेर. बारामतीच्या खोलीत रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं की आधी हे चित्र पुरतं बघून घ्यायचो. मगच अभ्यासाला लागायचो.

मॅट्रिकला चांगले गुण मिळाले. इंटर सायन्सला पुण्याला जायचं आणि तिथून मेडिकलला, असं मी घरी सांगितलं. वडिलांनी मेंढ्या पाळून आयुष्य काढलं होतं. ते म्हणाले, "व्हईल का न्हाय, ते आधी जाणत्याला इचारू."

"कुणाला?"

"इंदापूरच्या डाक्टरला."

"त्यांना? आबा, त्यांनी आपली—"

"मानूस कसा बी असंना. मेंढरू घेताना जाणत्याला इचारत्यात, गोड बोलनाऱ्याला न्हाय."

मी सोबत गेलो. डॉक्टरांनी आम्हाला ओळखलं नाही. वडिलांनी माझे गुण सांगितले, पोराला डॉक्टर व्हायचंय म्हणाले, आणि खांद्यावरच्या घोंगडीचं टोक पुढे करून त्याखाली आपला हात धरला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात, आणि आकडा त्या दोघांतच राहतो. वडिलांचं म्हणणं असं की जित्राबासमोर त्याची किंमत बोलू नये, ते खचतं. दहातली किती आशा, ते डॉक्टरांनी बोटांनी सांगावं आणि माझ्या कानावर पडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

डॉक्टर खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "हे काय? काय आहे आत?"

कंपाउंडरनं हसत समजावलं. मग डॉक्टरही हसले. बाकावरचे पेशंट हसले. "अरे, हा काय बैलबाजार आहे?" ते म्हणाले. "तोंडानंच सांगतो. याचं एक बोटभरही होणार नाही. चार अक्षरं आली तेवढी पुरे. तुझी मेंढरं कोण बघणार?"

वडिलांचा हात अजून घोंगडीखालीच होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला. बाहेर आल्यावर म्हणाले, "जाऊ दे. त्यानला बाजार ठावा न्हाय."

मला मात्र हात आत घातल्यासारखा तो आकडा कळला होता, आणि तो खोटा पाडायचा होता.

पुण्यात वर्गात बसलो की आपल्या पुढे कोण आणि मागे कोण, हे मी बघत राहायचो. कळप बघून वडील ओळखायचे, कोणती मेंढी उन्हाळा काढील. तसंच मीही ओळखायला शिकलो. मेडिकलला जाणारी मुलं मला नावानिशी सांगता यायची, आणि निकालाच्या आधीच मला कळलं होतं की मी त्यांत नाही. निकाल तसाच लागला. इंग्रजीनं मला मागे ओढलं. म्हणजे डॉक्टर खरे ठरले. ते खरे ठरले याचा राग मला त्यांच्या हसण्याहून जास्त आला.

बी.एस्सी. होऊन मी इंदापूरच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो. तोवर वडील गेले होते. त्यांची घोंगडी माझ्या खोलीत खुंटीवर असायची. एका संध्याकाळी डॉक्टर दारात उभे राहिले, सोबत त्यांचा मुलगा. मी शिकवायचो त्या मॅट्रिकच्या वर्गात तो होता.

"सर, कोणता मुलगा पुढे जाईल, याचा तुमचा अंदाज फार अचूक असतो म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "याचं मेडिकलचं जमेल का, मोकळेपणानं सांगा."

मी त्यांना बराच वेळ बसू दिलं. मग घोंगडी काढली, तिचं टोक पुढे धरलं आणि म्हणालो, "हात आत घाला."

ते बावरले, पण गरजू होते. त्यांनी हात घातला. त्यांचा तळवा मऊ होता. मी त्यांची पाचही बोटं मिटवली आणि ती मूठ घट्ट दाबून धरली. एकही बोट उघडं नाही, म्हणजे दहातली शून्य आशा.

मुलगा अभ्यासात कच्चा होता, त्याचे पेपर मीच तपासत होतो. मला खोटं सांगावं लागलं नाही. लागलं असतं तर सांगितलं असतं.

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"उघडी बोटं मोजा. पळसदेवच्या मेंढकऱ्यानं तुमच्यापुढे हीच घोंगडी धरली होती. त्याच्या आधी तुमच्या ओट्यावरून याच घोंगडीत त्यानं पोरगी नेली."

त्यांनी घोंगडीकडे पाहिलं. त्यांना आठवलं, हे मला मुठीत कळलं. मग मी सोडली.

"काय म्हणाले सर?" मुलानं त्यांना विचारलं.

मी घोंगडी परत खुंटीवर टांगली. आकडा आता त्यांच्याकडे होता, आणि मुलासमोर तो त्यांनाच बोलायचा होता. ते म्हणाले, "चल घरी."

मुलगा मेडिकलला गेला नाही. डॉक्टर वारले, त्यांचा ओटा रस्ता रुंद करताना गेला. बहिणीचा फोटो कधी काढलेला नव्हता. घोंगडी माझ्याकडे आहे, आणि त्या माणसाला मी माफ केलेलं नाही.